मालक नसलेली इमारत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते निवृत्तीनंतरची जवळजवळ सगळी वर्षं आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, नाटक, अर्थकारण अशा विषयांवर मोठी माणसं बोलून गेली. यंदा संयोजकांनी सुचवलं की, ते स्वतः ज्या कामात बुडालेले असायचे त्या कामावरच बोला. मी लगेच हो म्हटलं. मीही हे काम पुष्कळ वर्षं केलं आहे, पुढे इतर सोसायट्यांच्या कमिट्यांना दप्तर कसं ठेवायचं ते सांगत हिंडलो आहे, आणि या कामाबद्दल चारचौघांत गंभीरपणे बोललं जावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, दूध संघ येतो, जिल्हा बँक येते. पण राज्यात नोंदलेल्या सहकारी संस्थांत संख्येने सर्वांत मोठा गट गृहनिर्माण संस्थांचा आहे, लाखाहून जास्त. म्हणजे आज शहरातल्या मराठी माणसाचा सहकाराशी, सभेशी, ठरावाशी आणि निवडणुकीशी जो काही प्रत्यक्ष संबंध येतो, तो बहुतेक आपल्या जिन्याखालच्या नोटीस बोर्डावरच येतो. आमदार पाच वर्षांनी दिसतो. सेक्रेटरी रोज दूध आणायला जाताना दिसतो.

हे काम मुळात आलं कुठून ते आधी पाहू, कारण त्यातच त्याची अडचण दडलेली आहे. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तलमकी होते. शामराव विठ्ठल यांच्या नावाची सहकारी पतपेढी 1906 साली ज्यांनी काढली, तेच हे तलमकी. शहरात नोकरीसाठी आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणाऱ्या भाड्यात स्वच्छ घर मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि दहाजणांनी भागभांडवल घालून ते घर स्वतःच उभं करावं असा मार्ग काढला. पण ही वाट बराच काळ थोड्यांचीच राहिली. बाकीची मुंबई चाळीत भाड्याने राहत होती. चाळीला मालक होता, आणि महिन्याच्या महिन्याला भाडं वसूल करायला येणारा त्याचा मेहता होता. नळ बंद पडला, जिन्याचा कठडा हलला, संडासाची पायरी खचली, की शिव्या मालकाला. भाडेकरूंमध्ये हेवेदावे असतील, पण मालकापुढे सगळी चाळ एक. चाळीतल्या ज्या एकोप्याच्या आठवणी आपण काढतो, त्यातला मोठा भाग समोर एक मालक होता म्हणून टिकलेला आहे, असं माझं मत आहे. ते ऐकायला अनेकांना आवडत नाही.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण भाड्यासाठी घर बांधण्यात कुणाला रस उरला नाही. मग बिल्डर बांधणार आणि माणूस घर विकत घेणार, ही पद्धत आली. 1960 साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम झाला, 1963 साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, ज्याला आपण सगळे मोफा म्हणतो. आणि एका पिढीत लाखो कुटुंबं चाळीतून ‘ब्लॉक’मध्ये गेली. सामान हललं, देवघर हललं, माणसं तीच राहिली. फक्त मालक गेला.

मालक गेला म्हणजे त्याची कामं गेली नाहीत. पंप बिघडणार, गच्ची गळणार, पालिकेचा कर भरावा लागणार, झाडूवाल्याला पगार द्यावा लागणार. ही सगळी कामं आता समोरच्या ब्लॉकमधल्या माणसाने करायची आणि तुमच्याकडून त्याचे पैसे मागायचे. मालकाने पैसे मागितले तर कारण विचारायची सोय नव्हती, द्यायचे किंवा भांडायचं. शेजाऱ्याने मागितले तर तुम्ही विचारणारच, का? आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल, कारण त्याच्याकडे दुसरा कुठला अधिकार नाही. तो तुमच्यासारखाच एक सभासद आहे, एका मताचा.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. सोसायटी चांगली चालते ती कमिटीला कारण सांगायची सवय असते तिथे. हुशार चेअरमन, भरलेली तिजोरी, सीसीटीव्ही, मोठं गेट यांपैकी काहीही ती उणीव भरून काढत नाही.

मेन्टेनन्सच्या बिलापासून सुरुवात करू. बहुतेक घरांत ते बिल दर महिन्याला येतं, खालचा आकडा पाहिला जातो आणि चेक लिहिला जातो किंवा हल्ली मोबाईलवरून पैसे जातात. पण आदर्श उपविधीत त्या प्रत्येक ओळीमागे एक विचार आहे आणि तो सभासदाला कधी सांगितला जात नाही. वॉचमन, झाडलोट, जिन्यातली वीज, कार्यालयाचा खर्च हे सेवाशुल्क सगळ्यांना समान. मोठ्या ब्लॉकवाल्याला जास्त का नाही? कारण वॉचमन एका खोलीच्या घरावर कमी आणि तीन खोल्यांच्या घरावर जास्त लक्ष ठेवत नाही. उलट दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान 0.75 टक्के. तिथे मोठ्या घरवाल्याने जास्त द्यायचं, कारण इमारतीचा जास्त भाग तो वापरतो. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. तळमजल्यावरची एकटी राहणारी आजी मला दरवर्षी विचारायची की, वर सहा माणसं आहेत आणि इथे मी एकटी, मग पाण्याचे पैसे सारखे का? अन्याय तर दिसतो. पण माणसं मोजायची ठरवली तर सेक्रेटरीने घराघरात जाऊन विचारायचं का, की तुमची मुलगी बाळंतपणाला आली आहे ती किती दिवस राहणार? नळ मोजता येतो, तो भिंतीत आहे. हे कारण एकदा तिला नीट समजावल्यावर तिने पुढच्या वर्षी तोच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला तेव्हा सभेत उठून स्वतः उत्तर दिलं. लिफ्टचं तसंच. लिफ्ट असलेल्या इमारतीत तिच्या देखभालीचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा अथवा न वापरा. पहिल्या मजल्यावरचा तरुण म्हणतो मी चढून जातो. त्याला सांगावं लागतं की, लिफ्ट इमारतीची आहे आणि तिच्यामुळे त्याच्याही घराची किंमत वाढलेली आहे.

या बिलातली सर्वांत दुर्लक्षित ओळ सिंकिंग फंडाची. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. तुमच्या ब्लॉकचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला अडीच हजार रुपये, आणि त्यासोबत दुरुस्ती निधीचे साडेसात हजार. दोन्ही मिळून महिन्याला साडेआठशेच्या आत. ही रक्कम कमी ठेवून ‘आमच्या सोसायटीचा मेन्टेनन्स सगळ्यांत कमी’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. वीस वर्षांनी बाहेरच्या प्लास्टरला भेगा जातात, कॉलममधली सळई गंजून फुगते, आणि मग प्रत्येकाकडून एकरकमी दोन-तीन लाख मागायची पाळी येते. त्या वेळी त्या घरात राहणारे आधीचे उरलेले नसतात. कुणी घर विकून गेलेलं असतं, कुणी देवाघरी. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढे तीन वर्षांतून एकदा व्हावं, असं उपविधी सांगतात. ज्या सोसायटीने निधी साठवलेला असतो ती ऑडिट करते. ज्यांनी साठवलेला नसतो ते ऑडिट टाळतात, कारण अहवालात काय येईल याची त्यांना भीती असते. मला या टाळाटाळीचा राग येतो. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात इमारती पडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आता एक प्रसंग सांगतो, कारण सोसायटीतली निम्मी भांडणं याच प्रकारची असतात. लिकेज. एका घराच्या न्हाणीघराच्या छताला पोपडे आले, मग थेंब पडू लागले. खालच्यांचं म्हणणं, वरचे आंघोळ करतात तेव्हाच पाणी पडतं. वरच्यांचं म्हणणं, आम्ही न्हाणीघर नुकतंच नवीन केलं आहे, पाणी भिंतीतून झिरपतंय, ते सोसायटीने बघावं. नियम अगदी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाचं पाणी यांमुळे होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची. घरातल्या संडास-न्हाणीमुळे होणारी गळती त्या घराच्या सभासदाने. पण पाणी येतंय कुठून हे नियमात लिहिलेलं नसतं. दोन्ही घरांतल्या बायका एकाच भिशीत होत्या. ती भिशी बंद पडली. मुलांनी एकत्र खेळणं सोडलं. दोन्हीकडून कमिटीला लेखी अर्ज आले आणि त्यांत लिकेजपेक्षा जुन्या गोष्टीच जास्त होत्या.

कमिटीने एक पत्र लिहून वरच्यांना जबाबदार धरलं असतं तरी ते बहुधा बरोबरच निघालं असतं. पण त्याने काही सुटलं नसतं. आमचा प्लंबर अनुभवी माणूस होता. त्याने वरच्या न्हाणीच्या जाळीत बोळा घट्ट कोंबला, चार बोटं पाणी साठवलं आणि त्यात कपड्याला द्यायचा जांभळा रंग मिसळला. त्याआधी खालच्या घरात टेबलावर चढून छतावर जिथपर्यंत ओल होती तिथे त्याने खडूने रेघ ओढली. मी रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहिली आणि दोन्ही घरांतल्या कर्त्या माणसांना तिथेच छताखाली उभं करून एका कागदावर सह्या करायला लावल्या. वरच्या गृहस्थांनी त्या घरात पाऊल टाकलं ते किती तरी महिन्यांनी. सकाळी आम्ही परत गेलो तेव्हा ओल रेघेच्या बाहेर आली होती आणि तिच्या कडेला फिकट जांभळा डाग होता. वरचे गृहस्थ बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी स्वतः त्याच प्लंबरला कामाची विचारणा केली.

काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूच्या घरात हीच परीक्षा केली, आणि तिथे रंग उतरला नाही. गळती बाहेरच्या पावसाळी पाइपची निघाली, खर्च सोसायटीचा. कमिटीने त्याच आठवड्यात काम सुरू केलं. माझ्या मते पहिल्या प्रसंगापेक्षा हा दुसरा जास्त महत्त्वाचा ठरला. रंगाचा निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी कमिटी तो मानते, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर लिकेजच्या अर्जात जुन्या गोष्टी येणं जवळजवळ थांबलं. लोक सरळ लिहू लागले की, खडूची परीक्षा करावी.

थकबाकीच्या बाबतीतही मला हेच म्हणायचं आहे. थकलेल्या रकमेवर सोसायटी वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याज आकारू शकते, आणि वसुलीचा दाखला मिळवण्यासाठी निबंधकाकडे जाता येतं. पूर्वी हे कलम 101 खाली होत असे. 1960 च्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण यायला 2019 उजाडलं, आणि आता वसुलीची तरतूद त्या प्रकरणात आहे. हत्यार धारदार आहे. पण नोटीस काढण्यापूर्वी दार वाजवावं. सहा महिने पैसे न देणाऱ्या माणसाच्या घरात काही तरी घडलेलं असतं. नोकरी गेलेली असते, वडील आयसीयूत असतात, दोन भावांत वाटणीचा वाद असतो आणि बिल कुणी भरायचं यावर अडलेलं असतं, किंवा तीन वर्षांपूर्वी पार्किंगवरून कमिटीने दिलेल्या उर्मट उत्तराचा तो राग असतो. पहिल्या तिघांना हप्ते बांधून देता येतात. चौथ्याला पार्किंगचं ते उत्तर नव्याने, कारणासकट द्यावं लागतं. आणि थकबाकीदारांची नावं गेटवर लावू नका. वार्षिक सभेपुढे येणाऱ्या हिशेबात ती येतातच. घरी येणाऱ्या पाहुण्यांनी ती वाचावीत असं काही नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेकडे येतो. 30 सप्टेंबरपूर्वी ती घ्यायची, चौदा दिवस आधी नोटीस, सोबत हिशेबपत्रकं. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जे कमी असेल ते. ती झाली नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू होते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही. या अर्ध्या तासाच्या सवलतीने आपल्या सभांचं फार नुकसान केलं आहे. लोकांना माहीत असतं की आपण गेलो नाही तरी सभा होणार. मग सात-आठजण सतरंजीवर बसून शंभर कुटुंबांचे निर्णय घेतात आणि वर्षभर उरलेले ब्याण्णव जण त्या निर्णयांवर जिन्यात बोलत राहतात. यावर उपाय विचारणाऱ्या कमिट्यांना मी इतिवृत्तापासून सुरुवात करायला सांगतो. आपल्याकडे मिनिट्स बुकात ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव सर्वानुमते मंजूर’ असं एक वाक्य लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. ज्यांनी विरोध केला त्यांना हे वाक्य वाचून काय वाटत असेल याचा विचार करा. त्या सविस्तर चर्चेत कोण काय म्हणालं, कुठली हरकत घेतली गेली, तिला काय उत्तर दिलं गेलं आणि शेवटी का हा मार्ग निवडला, हे दहा ओळींत लिहिता येतं. ते लिहून पंधरा दिवसांत प्रत्येक घरात पोचवलं की हरलेल्या माणसाला आपलं म्हणणं कागदावर दिसतं. तो पुढच्या सभेला येतो. मी हे होताना पाहिलं आहे, एकापेक्षा जास्त सोसायट्यांत.

सभेला घरातून कोण येतं, याबद्दलही बोलायला हवं. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव बहुधा पुरुषाचं असतं, म्हणून सभेला तो येतो. पाणी किती वाजता येतं, कचऱ्याचा डबा कोण उचलत नाही, शिडीची पायरी कुठे सैल आहे, हे मात्र घरात दिवसभर असणाऱ्या बाईला माहीत असतं. कमिटीत महिलांसाठी जागा राखीव आहेत, त्या नावापुरत्या भरल्या जातात. ज्या सोसायट्यांत खजिनदार बाई आहेत, तिथले व्हाउचर मी बारकाईने तपासले आहेत, आणि ते तपासायला मला फार कमी वेळ लागला आहे.

भाडेकरूंचा प्रश्न जास्त नाजूक आहे. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. सरकारने 2001 साली त्यावर मर्यादा घातली, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्याआधी वाटेल ते आकारलं जायचं. पण पैशापेक्षा वागणूक वाईट असते. भाडेकरूला मत नाही, सभेला बोलावणं नाही, म्हणून त्याच्याशी कारण न सांगता बोललं तरी चालतं अशी समजूत झालेली आहे. एकटी मुलगी राहणार असेल तर नको, विशिष्ट धर्माचं कुटुंब नको, मांसाहारी नको. हे तोंडी सांगितलं जातं, कागदावर कुणी लिहीत नाही. ज्या निर्णयाचं कारण इतिवृत्तात लिहायला कमिटी धजत नाही, तो निर्णय तिने घेऊ नये. इतिहास इथे आपल्याला सोपं उत्तर देत नाही, हेही मी मान्य करतो. गावदेवीची ती पहिली सोसायटी एका ज्ञातीची होती. एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्या समाजापुरतं मर्यादित ठेवण्याचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरवला. एकमेकांना ओळखणारी माणसं एकत्र आली म्हणून सहकार उभा राहिला, हे खरं आहे. पण आज आपल्या सोसायट्या बिल्डरने ज्याला ब्लॉक विकला त्या सगळ्यांच्या आहेत. जिथे मुळात एकाच ज्ञातीचा आधार नव्हता तिथे तो मागाहून आणण्याचं समर्थन मला करता येत नाही.

सोसायटीच्या गेटबाहेरही एक वस्ती असते. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा आणि रस्ता स्वतः लक्ष घालून नीट केला, महापालिकेने ती कल्पना उचलली, आणि त्यातून मुंबईत एएलएम म्हणजे गल्लीगल्लीचे नागरिक गट उभे राहिले. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची सोय आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींवर ओला कचरा जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली. यातलं प्रत्येक काम एकट्या सोसायटीच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि शेजारच्या चार सोसायट्यांनी मिळून केलं तर सहज होण्यासारखं आहे. त्याहून वेगळं मला काही म्हणायचं नाही, फक्त एक. या कामांत सफाई कामगाराला आणि वॉचमनला सभेत बोलवा. कंपोस्टच्या खड्ड्यात काय चुकतंय ते त्यांना ठाऊक असतं. आणि वॉचमनला बसायला खुर्ची आहे, पण जायला संडास नाही, अशा सोसायट्या आजही आहेत. तो बांधायला सर्वसाधारण सभेच्या ठरावाची वाट पाहू नये.

आता कन्व्हेयन्सबद्दल. इथे माझा स्वर थोडा चढेल. मोफाच्या नियमांनुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांच्या आत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. हजारो सोसायट्यांत ते झालं नाही. काही ठिकाणी बिल्डरने मुद्दाम लांबवलं, काही ठिकाणी जमिनीचे मूळ मालक आणि बिल्डर यांच्यातच वाद होता, आणि पुष्कळ ठिकाणी कमिटीने विचारलंच नाही. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा रस्ता उघडला. बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटीला हक्क मिळवता येतो. त्यासाठी लागणारी कागदपत्रं, सभासदांचे करारनामे, इंडेक्स टू, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मंजूर नकाशे, ही सगळी गोळा करणं हे कंटाळवाणं काम आहे आणि कुणी तरी एकजण दोन वर्षं चिकाटीने केल्याशिवाय ते होत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी ते आपल्या सोसायटीसाठी केलं होतं. वारलेल्या सभासदांच्या वारसांना शोधून, एकेक करारनाम्याची प्रत मिळवून. जमीन आपल्या नावावर नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्रावर हक्क कुणाचा, या प्रश्नावर सोसायटीला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

आणि पुनर्विकास तर आता प्रत्येक जुन्या इमारतीच्या दाराशी आला आहे. सरकारने 2009 साली त्यासाठी कार्यपद्धती घालून दिली आणि 2019 च्या जुलैमध्ये ती सुधारली. एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती, विकासक निवडण्याच्या सभेला निबंधक कार्यालयाचा अधिकारी, सभेचं चित्रीकरण. पूर्वी 75 टक्के लागायचे. टक्केवारी खाली आल्यामुळे अडून बसलेली कामं मार्गी लागली, हे चांगलं झालं. पण त्यामुळे 49 टक्क्यांचं म्हणणं ऐकून न घेता पुढे जाण्याची सोयही झाली. त्या 49 टक्क्यांत बऱ्याचदा सत्तरी ओलांडलेली माणसं असतात. त्यांना वाढीव चौरस फूट नको असतात. तीन वर्षं भाड्याच्या घरात, अनोळखी डॉक्टरजवळ, वेगळ्या स्टेशनला राहून आपण परत येऊ का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. तो प्रश्न कोणत्याही निविदेत नसतो. कमिटीने त्यांच्या घरी जाऊन बसावं, बँक हमीची रक्कम काय आहे, भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार, काम अडकलं तर काय, हे आकड्यांनी सांगावं. सगळ्या निविदा, सगळी तुलनापत्रकं कार्यालयात कुणालाही पाहता येतील अशी ठेवावीत. एखाद्या कमिटी सदस्याचा विकासकाशी काही संबंध असेल तर त्याने तो आधी लिहून द्यावा आणि मतदानातून बाजूला राहावं. असं केलं तर त्या म्हाताऱ्या माणसांतली काही सही करतात. काही करत नाहीत, आणि तरीही नवीन इमारतीत ती शेजारीच राहायला येणार असतात.

एक विनंती करतो आणि थांबतो. तुमच्यातल्या पुष्कळांच्या कमिट्यांची मुदत यंदा किंवा पुढच्या वर्षी संपेल. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना आता निवडणूक स्वतः घेता येते. जुना सेक्रेटरी गेला की त्याच्याबरोबर किती तरी गोष्टी जातात. जमिनीखालची मुख्य पाइप कुठून वळते, पाणी खात्यातला कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला होता, आय रजिस्टरमधली कोणती नोंद अजून अपुरी आहे, ड्रेनेजचा नकाशा कुणाच्या कपाटात आहे. म्हणून निवडणुकीआधी सहा महिने एखाद्या तरुण सभासदाला कमिटीच्या बैठकांना निमंत्रित म्हणून बसवा, पंपघराची किल्ली त्याच्या हातात द्या आणि एक इतिवृत्त त्याला लिहायला सांगा. आपल्या संयोजकांनी पुढच्या रविवारी सकाळी याच सभागृहात नव्या सेक्रेटऱ्यांसाठी दप्तराची माहिती द्यायचं ठरवलं आहे. आज मागच्या रांगांत काही मंडळी फायली घेऊन बसलेली मला दिसत आहेत. त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जाऊ नये, फायली घेऊन पुढे यावं. एकेक कागद आपण पाहू.